बॉटल जॅकमधील ब्रेक ऑइल : खाडीकाठच्या एका नौकादुरुस्ती यार्डाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या काठावर मासेमारी नौकांच्या दुरुस्तीचे एक छोटे यार्ड आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. वर्षभर पुढे ढकललेली कामे त्या ६१ दिवसांत उरकावी लागतात आणि नेमके तेच दिवस कोकणातल्या सर्वांत जोराच्या पावसाचे असतात. मेअखेरच्या मोठ्या भरतीला नौका वर ओढून घेतात, लाकडी ठोकळ्यांवर बसवतात आणि मग बुडाची साफसफाई, फळ्या बदलणे, पंख्याचा शाफ्ट काढून बुश बदलणे अशी कामे सुरू होतात. ठोकळे बदलण्यासाठी किंवा शाफ्ट बाहेर काढण्यापुरती जागा करण्यासाठी नौकेचे एक टोक थोडे उचलावे लागते, आणि ते काम हायड्रॉलिक जॅकवर, म्हणजे तेलाच्या दाबाने भार उचलणाऱ्या जॅकवर, होते.

या यार्डात २० टनांचे दोन आणि १० टनांचा एक असे तीन बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचे उभे, हातपंपाचे जॅक) होते, शिवाय इंजिनाच्या कामासाठी एक ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) होता. चारही बऱ्याच वर्षांचे होते आणि त्यांच्यावरील लेबले खाऱ्या हवेने केव्हाच गळून पडली होती. कोणत्या जॅकमध्ये कोणते तेल आहे, हे सांगणारा कागद किंवा माणूस यार्डात नव्हता. मालक स्वतः कामावर उभे राहणारे, मिस्त्री तीस वर्षे नौकांच्या कामात मुरलेले आणि हाताखालची मुले तरतरीत होती. त्यामुळे पुढे जे घडले त्याला कामचुकारपणा म्हणता येणार नाही. जॅकमधल्या तेलाला कोणी स्वतंत्र विषय मानलेच नव्हते, एवढेच त्याचे कारण होते. किनाऱ्यावरच्या अनेक यार्डांत आणि महामार्गावरच्या गॅरेजांत आजही हीच स्थिती आहे, आणि हे प्रकरण तपशिलात मांडावेसे मला वाटले ते त्यामुळेच.

समस्या कशी लक्षात आली

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका लाकडी ट्रॉलरची मागची बाजू २० टनांच्या एका जॅकवर उचलून घेतली होती. जॅकच्या शेजारी ठोकळे रचून वर पाचर सरकवलेली होती. पाचर आणि नौकेचा कणा यांच्यामध्ये मुद्दाम बोटभर फट ठेवलेली होती, कारण अजून थोडे उचलायचे होते. मिस्त्री हत्यार आणायला गेले. परत येऊन पाचर हलवू लागले, तर ती हलेना.

“शेठ, पाचर मघाशी हातानं फिरत होती, आता हातोड्यानंपण हलत नाय,” असे त्यांनी मालकांना सांगितले.

याचा अर्थ उघड होता. जॅक हळूहळू खाली बसत गेला होता आणि नौकेचा भार पाचरेवर आला होता. ठोकळे आधीच रचलेले असल्याने कोणालाही इजा झाली नाही. मिस्त्रींनी पेन्सिलने जॅकच्या दांड्यावर, सिलिंडरच्या तोंडाशी, एक रेघ ओढली आणि भार पुन्हा घेऊन पाहिला. काही मिनिटांतच रेघ सिलिंडरच्या आत गेली.

१० टनांच्या जॅकचेही तसेच होते, फक्त तो अधिक सावकाश बसत होता. २० टनांचा दुसरा जॅक दम धरत होता, पण वर जाताना धक्के देत जात होता.

मालकांनी विचारपूस केल्यावर कळले, की गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पहिला २० टनी आणि १० टनी जॅक पूर्ण उंचीला जात नव्हते. तेल कमी झाले असावे, असा अंदाज बरोबर होता. फळीवर यार्डाच्या टेम्पोसाठी आणलेल्या ब्रेक ऑइलच्या बाटल्या होत्या. “ब्रेकपण हायड्रॉलिकवरच चालतो ना काका?” असे म्हणून एका मुलाने त्या दोन्ही जॅकमध्ये ओतल्या. त्यानंतर काही आठवडे जॅक पूर्वीपेक्षा चांगले चालले, असे मिस्त्रींनी आपणहून सांगितले. या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, त्याचे कारण पुढे येईल. मालकांनी मला बोलावले ते या टप्प्यावर.

जॅक उघडल्यावर

बॉटल जॅकच्या बाजूला तेल भरण्याचे भोक असते आणि त्याला रबरी बूच असते. पहिल्या जॅकचे बूच पक्कडीने ओढून काढावे लागले. काढल्यावर ते पुन्हा आपल्या भोकात बसेचना. बिरड्यासाठी भिजवलेल्या वालासारखे ते फुगून मऊ पडले होते आणि नखाने दाबले की खूण उमटत होती. भोकाच्या खालच्या बाजूला ओघळ गेला होता आणि त्या ओघळाच्या रेषेत जॅकचा रंग सुटून पत्रा उघडा पडला होता. ग्लायकोलवर, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या एका रसायनावर, आधारलेले ब्रेक ऑइल रंग सोडवते. पेंटरला हे सांगावे लागत नाही, पण यार्डात त्या खुणेचा अर्थ कोणी लावला नव्हता.

जॅक उलटा करून निघालेले तेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवले. सकाळी दोन थर दिसले, वर काळपट आणि खाली मधाच्या रंगाचा. वरचे मूळ खनिज तेल, खालचे ब्रेक ऑइल. खनिज तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.८७ च्या आसपास असते, तर ब्रेक ऑइल पाण्याहून किंचित जड असते. दोन्ही नीट मिसळत नाहीत. जॅकचा पंप तेल ओढतो तो टाकीच्या तळातून. म्हणजे टाकीत वर मूळ तेल शिल्लक असले, तरी पंपाच्या आणि मुख्य पिस्टनच्या सीलपर्यंत (तेल अडवून धरणाऱ्या रबरी कड्यांपर्यंत) सर्वांत आधी पोहोचत होते ते ब्रेक ऑइलच.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी केली. कोणत्याही गॅरेजमध्ये ती करता येईल. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात संशयित तेलाचे चार थेंब टाकायचे. खनिज तेल असेल तर थेंब वर तरंगतात आणि कडेला जमतात. ग्लायकोलचे ब्रेक ऑइल असेल तर थेंब खाली उतरतात आणि ढवळल्यावर पाण्यात विरघळून जातात. खालच्या थरातले थेंब ढवळताच दिसेनासे झाले.

धक्के देणाऱ्या दुसऱ्या २० टनी जॅकमध्ये ब्रेक ऑइल नव्हते. त्यात दुधाळ, चहासारखे दिसणारे तेल होते. ते कधीतरी घातलेले इंजिन ऑइल होते आणि त्यात पाणी शिरले होते. हा जॅक वर्षभर शेडच्या बाहेर, आडवा पडून असे. ट्रॉली जॅकमधले तेल जुने झालेले, पण स्वच्छ होते.

तेल आणि सील यांचे नाते

जॅकमध्ये तेलाचे काम भार एका जागेवरून दुसरीकडे पोहोचवण्याचे आहे. ते काम पाणीसुद्धा करू शकेल, कारण बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हा पास्कलचा नियम द्रवाचे नाव विचारत नाही. प्रश्न दाबाचा आणि तो दाब अडवून धरणाऱ्या सीलचा असतो. २० टनी जॅकच्या पिस्टनचा व्यास ६० मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर होते. पूर्ण भारावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो इतका दाब त्या रबरी कड्यावर येतो. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब याच मापात साधारण दोन ते अडीच किलो असतो, यावरून अंदाज यावा.

सर्वसाधारण जॅकमधील सील नायट्राइल रबराची असतात, काही ठिकाणी पॉलियुरेथेनची. खनिज तेलात नायट्राइल वर्षानुवर्षे टिकते. ब्रेकची रचना याच्या नेमकी उलट आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइले ग्लायकोल ईथरवर आधारलेली असतात आणि त्यांच्यासाठी ब्रेक सिलिंडरमध्ये ईपीडीएमसारखे वेगळे रबर वापरतात. नायट्राइल ग्लायकोल ईथरमध्ये फुगते आणि मऊ पडते, तर ईपीडीएम खनिज तेलात फुगते. म्हणून एकाचे तेल दुसऱ्यात घालणे दोन्ही बाजूंनी घातक असते.

आता सुरुवातीच्या त्या चांगल्या आठवड्यांविषयी. सील थोडी फुगली की सिलिंडरच्या भिंतीला अधिक घट्ट टेकते आणि झिजलेल्या सीलमधून होणारी गळती काही काळ थांबते. जॅक सुधारल्यासारखा वाटतो. पुढे रबर मऊ होत जाते, दाबाखाली त्याची कड फटीत ओढली जाऊन तिचे तुकडे पडतात आणि मग जॅक बसू लागतो. या फसव्या सुधारणेमुळेच ब्रेक ऑइलचा ‘उपाय’ एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात पसरतो. ज्याने सुचवला त्याने आठवडाभरातच परिणाम पाहिलेला असतो, सहा महिन्यांनंतरचा जॅक त्याने पाहिलेला नसतो.

विचारात घेतलेले पर्याय

पाऊस सुरू झालेला होता, एक नौका अर्धवट उचललेली होती आणि मालकांना दुसऱ्या दिवशी काम सुरू हवे होते. प्रत्येक पर्याय या घाईत तपासायचा होता.

पहिला पर्याय होता खराब तेल काढून नवे भरण्याचा, सील आहेत त्याच ठेवून. एका तासाचे काम. परंतु एकदा फुगून मऊ झालेले रबर योग्य तेलात टाकले म्हणून पूर्वपदावर येत नाही. जॅक भाराखाली जाणार आणि भाराच्या जवळ माणसे असणार, हे लक्षात घेता हा पर्याय लगेच बाजूला ठेवला.

मिस्त्रींचे म्हणणे वेगळे होते. घट्ट तेल टाकले की जॅक बसायचा थांबेल, हा त्यांचा अनुभव होता. तो चुकीचा नव्हता. गळणाऱ्या फटीतून घट्ट तेल सावकाश जाते, त्यामुळे बसण्याचा वेग कमी होतो. पण फट तिथेच राहते. दाब अडवण्याचे काम सीलचे आणि झडपेच्या स्टीलच्या गोळीचे आहे, घट्टपणाने त्यांचा दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही. या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि शेवटी त्यांनीच जॅक खोलायचे ठरवले.

मग प्रश्न उरला नव्या तेलाचा.

यार्डात इंजिन ऑइल भरपूर होते. ते खनिज तेलाचे असल्याने नायट्राइल सीलला धोका नव्हता. २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल ४० अंश सेल्सिअसला सर्वसाधारण जॅक ऑइलच्या तिपटीहून घट्ट असते, म्हणून दांडा खाली यायला वेळ लागतो. थंड प्रदेशात हा मोठा दोष ठरतो, कोकणात तो सहन करता आला असता. इथे नापसंतीचे कारण दुसरे होते. इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि मळ तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तीच द्रव्ये पाण्यालाही तेलात धरून ठेवतात. चांगल्या हायड्रॉलिक ऑइलमध्ये शिरलेले पाणी बऱ्याच अंशी वेगळे होऊन तळाशी बसते आणि काढून टाकता येते, इंजिन ऑइलमध्ये ते दुधासारखे मिसळून राहते आणि आतून गंज चढवते. जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही हवा खारी व दमट असते, तिथे माझ्या मते हा एकच मुद्दा पुरेसा आहे. त्याचा पुरावा दुसऱ्या जॅकमधून निघालेल्या चहाच्या रंगाच्या तेलाने समोरच ठेवला होता.

शेजारी रस्त्याच्या कामावर असलेल्या खोदाई यंत्राच्या चालकाकडून ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल लगेच मिळत होते. हा सर्वांत मोहात पाडणारा पर्याय होता, आणि चुकीचाही नव्हता. आयएसओ व्हीजी या मापात नंबर म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाचा घट्टपणा सेंटिस्टोक या एककात, दहा टक्के कमी-जास्त धरून. ६८ नंबरचे तेल सीलला चालते, झीज रोखणारी द्रव्ये त्यात असतात. फक्त हाताने पंप मारताना जोर अधिक लागतो आणि भार नसताना दांडा सावकाश उतरतो. अडचणीत ते वापरायला हरकत नसते.

ऑटोमॅटिक गिअरचे लाल तेल, म्हणजे एटीएफ, हेही चालले असते. त्याचा घट्टपणा ३२ नंबरच्या जवळ असतो, नायट्राइलला ते चालते आणि लाल रंगामुळे गळती चटकन दिसते. मात्र ते महाग पडते आणि फळीवर आणखी एक वेगळी बाटली वाढते.

राहिले ३२ नंबरचे झीजरोधक खनिज हायड्रॉलिक ऑइल. बहुतेक जॅक उत्पादक १५ ते ३२ नंबरच्या दरम्यानचे तेल सुचवतात, त्यामुळे हातपंपाच्या जॅकला ३२ नंबर मूळ शिफारशीच्या सर्वांत जवळ जाणारे. जूनच्या आधीच्या उन्हात उघड्यावर ठेवलेल्या जॅकचे लोखंड हात टेकवणार नाही इतके तापते आणि ६० अंशांना ३२ नंबरचा घट्टपणा निम्म्याहून खाली येतो. म्हणून कोकणात ४६ नंबर घ्यावा का, असाही प्रश्न निघाला. माझे मत असे, की जॅकच्या सील आणि झडपा चांगल्या असतील तर दोन्ही चालतात, आणि ३२ की ४६ यावर वाद घालण्यात घालवलेला वेळ फळीवरची ब्रेक ऑइलची बाटली हलवण्यात घालवणे अधिक उपयोगाचे आहे. यार्डात एकच तेल असावे, ट्रॉली जॅकलाही तेच चालावे, या विचाराने ३२ नंबर निश्चित झाला.

सगळेच जॅक नवे घेण्याचा विचारही झाला. त्याला मालकांची तयारी होती, पण नव्या जॅकमध्येही पुढे काय ओतले जाईल हा प्रश्न तसाच राहिला असता.

केलेली कार्यवाही

आधी नौका. तिचा सगळा भार ठोकळ्यांवर उतरवून जॅक बाजूला घेतले. नंतर चालकाकडून ट्रॉली जॅकपुरते तेलही न घेता, जिल्ह्याच्या ठिकाणाहून ३२ नंबरचे तेल आणि सील किट येईपर्यंत उचलण्याचे काम थांबवले. दोन दिवस रंगकाम आणि फळ्यांचे काम पुढे घेतले. हा निर्णय मालकांचा होता आणि त्यात त्यांचे नुकसान होते, तरी त्यांनी तो एका वाक्यात घेतला.

जॅक धुताना एक अडचण आली. पहिला जॅक खोलून मुलांनी नेहमीप्रमाणे डिझेलने धुतला. पुसून ठेवलेल्या सिलिंडरच्या तळाशी काही वेळाने पुन्हा मधाच्या रंगाचा थेंब जमलेला दिसला. डिझेल आणि रॉकेल खनिज तेल विरघळवतात, ग्लायकोल विरघळवत नाहीत. ते अरुंद वाहिन्यांत आणि गोळीच्या बैठकीखाली तसेच राहते. म्हणून पद्धत बदलली. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे, हवेच्या नळीने वाहिन्या फुंकून पूर्ण वाळवायचे, मग रॉकेलने धुवायचे आणि शेवटी थोडे नवे हायड्रॉलिक ऑइल आत फिरवून ओतून टाकायचे. वाहिनीतून निघालेल्या शेवटच्या धुवणाचे थेंब पाण्याच्या ग्लासात टाकून ते तरंगतात याची खात्री केली. अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे हे काम वेल्डिंगच्या जागेपासून दूर, उघड्या पडवीत केले.

सगळी सील, ओरिंग आणि भरणाची बुचे बदलली. वरून चांगली दिसणारी सीलही ठेवली नाहीत, कारण मऊ पडलेले नायट्राइल डोळ्यांनी ओळखता येत नाही. झडपांच्या स्टीलच्या गोळ्या पाहिल्या. दुधाळ तेलाच्या जॅकमधील एका गोळीवर गंजाचे ठिपके होते, ती बदलली आणि नवी गोळी बैठकीवर ठेवून तांब्याच्या कांडीने हलकेच एक ठोका दिला, म्हणजे बैठक गोळीच्या आकाराला जुळते.

याच जॅकच्या दांड्यावर, जो भाग नेहमी बाहेर राहिलेला असे तिथे, गंजाने खड्डे पडलेले होते. पॉलिश पेपरने घासल्यावरही नखाला ते लागत होते. असा दांडा प्रत्येक फेरीत नवी सील कापत राहिला असता. लेथवाल्याने दांडा बदलून देण्याची तयारी दाखवली, पण त्या पोलादाची प्रत आणि त्यावरील क्रोमचा थर यांची हमी देता येईना. तेव्हा २० टनांचा तो जॅक मोडीत काढला आणि त्याच्या जागी एकच नवा घेतला.

भरण्याची पद्धत मिस्त्रींना आणि मुलांना एकत्र करून दाखवली. दांडा पूर्ण खाली, जॅक सपाट जागेवर उभा. तेल भरणाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याहून वर नाही. दांडा वर असताना भरले तर खाली येताना तेलाला जागा उरत नाही आणि बूच उडते. मग सोडवण्याची झडप उघडी ठेवून दहा-पंधरा वेळा झपाट्याने पंप मारायचा म्हणजे अडकलेली हवा टाकीत परतते. झडप बंद करून दांडा पूर्ण वर, पुन्हा खाली, आणि पातळी परत पाहायची. पंपाचा दांडा स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा अजून आहे.

भाराखालील परीक्षा नौकेवर घेतली नाही. जड गर्डरच्या चौकटीत जॅक बसवून भार दिला आणि दांड्यावर रेघ ओढली. १० टनी जॅकची रेघ तासाभराने जागेवर होती. २० टनी जॅक मात्र अजून किंचित बसत होता. तो पुन्हा खोलल्यावर सोडवण्याच्या झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा बारीक कण सापडला. साफ करून बसवल्यावर त्याचीही रेघ हलली नाही.

टेम्पोचा ब्रेक

हा भाग मूळ तक्रारीत नव्हता. फळीजवळ एकच नरसाळे टांगलेले दिसले. जॅकचे तेल आणि टेम्पोचे ब्रेक ऑइल दोन्ही त्यातूनच भरले जात. जॅकमध्ये ब्रेक ऑइल गेले तर जॅक बसतो. पण ब्रेकच्या टाकीत खनिज तेल गेले तर ईपीडीएमची सील फुगतात, ब्रेक अडकतो किंवा लागतच नाही, आणि तोही घाटातल्या उतारावर. म्हणून टेम्पोच्या ब्रेकच्या टाकीचे झाकण उघडले. झाकणाखालचा रबरी पडदा फुगला आहे का ते पाहिले आणि पाण्याच्या ग्लासाची चाचणी केली. पडदा ठीक होता, थेंब विरघळले. तरीही खबरदारी म्हणून टेम्पोचे ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घेतले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, या दमट किनाऱ्यावर ते बदलायला तसे निमित्तही लागू नये.

काढलेल्या तेलाचे काय

यार्ड खाडीला लागून आहे. ओहोटीला तिथे बायका कालवे आणि तिसऱ्या काढायला उतरतात, पलीकडे कांदळवन आहे. काढलेले तेल लाकडाला लावण्याची आणि उरलेले उतारावर ओतण्याची जुनी सवय यार्डाला होती. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. मात्र ब्रेक ऑइल मिसळलेले तेल स्वच्छ वापरलेल्या तेलात ओतले तर सगळाच साठा बिघडतो, म्हणून दोन वेगळे डबे ठेवले. नियमाइतकाच त्या कालवांचाही विचार यामागे होता, हे मालकांनी स्वतः बोलून दाखवले.

परिणाम

त्या हंगामातील उरलेल्या सर्व नौका वेळेत पाण्यात गेल्या. जॅकवर रंगाने ‘हायड्रॉलिक ऑइल ३२’ असे ठळक लिहिले. ब्रेक ऑइल टेम्पोच्या अवजारांच्या पेटीत गेले आणि नरसाळी दोन झाली. जॅक आता शेडमध्ये फळीवर उभे ठेवतात, दांडा पूर्ण आत घेऊन.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मी तेल पाहिले तेव्हा १० टनी आणि जुना २० टनी जॅक स्वच्छ होते. नव्या जॅकमधील तेलाला मात्र हलका दुधाळपणा आला होता. तो एका कामासाठी दुसऱ्या बंदरावर नेलेला होता आणि तिथे बरेच दिवस नौकेखाली, पावसात, दांडा वर ठेवून राहिला होता. तेल योग्य होते, प्रत योग्य होती, तरी पाणी शिरायचे ते शिरले. त्याचे तेल बदलले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा निर्णय गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस झाला आणि तो होताना कोणालाही निर्णय वाटला नाही. जॅक हे बंद भांडे आहे. त्यातले तेल जळत नाही, उडून जात नाही. पातळी उतरली याचा अर्थ ते कुठून तरी गळले. तेव्हा भरण्याआधी गळती शोधली असती, तर सील किटची गरज त्याच वेळी कळली असती आणि फळीवरील बाटलीकडे हात गेला नसता.

दुसरे, कार्यवाहीच्या पहिल्याच दिवशी डिझेलने धुण्यात वेळ गेला. आत ग्लायकोल आहे हे ठरल्यावर धुण्याचा द्रवही त्यानुसारच निवडायला हवा होता आणि तशी सूचना खोलण्याआधी द्यायला हवी होती.

तेलाच्या खरेदीत अजूनही तोडगा समाधानकारक नाही. दुकानात ३२ नंबर मिळाले ते २० लिटरच्या बादलीत. चारही जॅकना मिळून लागले थोडेच लिटर. उरलेली बादली पावसाळाभर उघडझाप होत राहिली तर तिच्यातच ओलावा जाणार. बादली शेजारच्या दोन यार्डांसह वाटून घ्यायची आणि लिटरच्या घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यांत भरून ठेवायची, असे यंदा ठरले आहे. त्यासाठी तेल मेच्या मध्यावरच आणावे लागेल, कारण नौका वर ओढायला सुरुवात झाली की बाजाराला जायला कोणाला सवड नसते.

आणि चाचणीची चौकट. ती या प्रकरणात घाईने जोडलेल्या गर्डरची होती. आता यार्डाने एक कायमची करून घेतली आहे आणि हंगामाच्या आधी प्रत्येक जॅक तिच्यात तासभर भाराखाली ठेवतात. दांड्यावरची पेन्सिलची रेघ मिस्त्रीच ओढतात, आणि रेघ हलली तर तो जॅक नौकेखाली जात नाही, मग कामाची कितीही घाई असो.